सत्ताविसातले नऊ तुकडे

कापलेली कुठलीही वस्तू हातात आली की सर आधी तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. पोलादाचा पत्रा असो, कँटीनची स्टीलची ताटली असो, नाहीतर एखाद्याचं नवंकोरं ओळखपत्र. डोळे दुसरीकडेच असायचे, नख मात्र हळूहळू कडेवरून सरकत जायचं. मग मान किंचित वाकडी करून ते म्हणायचे, "डोळा हो म्हणतो. नख नाही म्हणतं."

कॉलेजात त्यांना मागून 'नख सर' म्हणत. पहिल्या वर्षी मीही म्हटलं आहे. तेव्हा मला त्यांची माहिती नव्हती आणि चार जणांत हसायची गरज होती.

तुमच्याही कॉलेजात असे एखादे सर असतील. त्यांच्या नावामागे डॉक्टर नसतं, त्यांचं टेबल जिन्याजवळ असतं, आणि दरवर्षी उन्हाळ्यात आपली नेमणूक पुढे चालू राहणार का हे विचारायला त्यांना ऑफिसात जावं लागतं. आमचे सर लेसर मॅन्युफॅक्चरिंग शिकवायचे. लेसरच्या किरणानं धातू कसा कापायचा, कसा जोडायचा, याचं शास्त्र. बंगळुरात या कामाची शेकडो यंत्रं रोज चालतात. आमच्या कॉलेजात एक होतं, तेही जुनं, आणि ते कसं चालायचं हे सांगते.

प्रवेशाच्या दिवसांत पालक यायचे, तेव्हा यंत्र सकाळपासून सुरू. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत त्यावर कॉलेजच्या चिन्हाची कीचेन कापून हातात द्यायची. पदवीदानाला कीचेन, पाहणीला येणाऱ्या समितीला कीचेन, कुणा मंत्र्याच्या स्वागताला कीचेन. प्रात्यक्षिकं त्यातून उरलेल्या वेळात, आणि सरांचं स्वतःचं संशोधन त्यातूनही उरलं तर. सर तक्रार करत नसत. एकदा फक्त मला म्हणाले, "आपण लेसरवाले नाही अगं. चावीवाले."

ते माझ्याशी मराठीत बोलत, त्याचीही एक गोष्ट आहे. तिसऱ्या वर्षी मी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली कापाची रुंदी मोजत होते आणि तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटत होते. मागून आवाज आला, "मोजतेस मराठीत आणि उत्तर देतेस इंग्रजीत. मध्ये किती वेळ जातो तुझा?"

मी घाबरलेच. माझे आजोबा निपाणीकडून इकडे आले, आमची मराठी घराच्या दाराच्या आत. सरांचं घराणं इथल्याच बसवनगुडीत चार पिढ्यांचं, त्यांची मराठी निराळी. 'स्वल्प थांब', 'सरी, पुढं सांग', असं त्यांचं चालायचं; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं, दोन्ही कन्नड. त्या दिवसापासून तोंडी परीक्षेआधी ते मला लॅबमध्ये बसवून प्रश्न विचारत. उत्तर आधी मराठीत द्यायचं, मग दोघांनी मिळून त्याचं इंग्रजी करायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलेलं नाही. परीक्षकासमोर माझी जीभ टाळूला चिकटायची. ती सुटली ती सरांमुळे.

सर स्वतः असेच आलेले. डिप्लोमा करून पीण्या या बंगळुरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत एका शेडमध्ये यंत्रावर उभे राहिले. संध्याकाळच्या कॉलेजातून इंजिनियर झाले, पुढे एम.टेक. केलं. मग चांगली नोकरी सोडून शिकवायला आले. का आलात, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, शेडमध्ये मुलं येत ती बटण दाबायला शिकत, कुणी त्यांना आत काय होतं ते सांगत नसे, ते सांगावं असं वाटलं. एवढं बोलून ते लाजले आणि पुन्हा कामाला लागले.

माझे अप्पा पीण्यातच पत्रा वाकवायच्या प्रेसवर काम करतात. आमच्या वर्गाची तिकडे कारखाना पाहायला सहल गेली, तो कारखाना अप्पांच्या शेडला लागून होता. अप्पा जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी येऊन उभे राहिले, मला लांबून बघायला. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण केलं.

सरांनी मात्र पाहिलं. कोण ते मला विचारलं आणि सरळ जाऊन अप्पांना आत घेऊन आले. नुकताच कापलेला एक पत्रा त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "हा वाकवायचा झाला तर कुठली बाजू आत घ्याल?"

अप्पांनी पत्रा उलटासुलटा केला, कडेला बोट लावलं आणि खाली बघत सांगितलं, "ही खरबरीत बाजू आत. बाहेर ठेवली तर वाकताना तडा जातो." सर वर्गाकडे वळले आणि हे लिहून घ्या म्हणाले. माझ्या अप्पांचं वाक्य चाळीस जणांनी वहीत उतरवून घेतलं. अप्पा घरी त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळी चहा त्यांनी केला, आयुष्यात पहिल्यांदा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मी तिला उशीर लावते आहे, हे माझ्या लक्षात येतंय.

सरांची पीएचडी अकरा वर्षं चालली होती. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे विद्यापीठ सोडून गेले, आणि यंत्र कीचेनमधून मोकळं होईना. गेल्या जूनमध्ये कॉलेजनं त्यांना पत्र दिलं. डिसेंबरअखेर प्रबंध सादर झाला नाही तर नेमणूक पुढे चालणार नाही. सरांचं लिखाण तयार होतं. प्रयोगांचा शेवटचा संच तेवढा उरला होता, सत्तावीस तुकडे. वेग, शक्ती आणि वायूचा दाब बदलत सत्तावीस वेगवेगळ्या रीतींनी एकच पत्रा कापायचा आणि कड तपासायची. दसऱ्याची सुट्टी संपली की तीन दिवस यंत्र तुमचं, असं एचओडींनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, कबूल केलं. मदतीला सरांनी मला घेतलं.

आणि दसऱ्याआधी आयुधपूजा आली.

बंगळुरात हा दिवस केवढा मोठा असतो हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. रिक्षापासून कारखान्यापर्यंत सगळ्याला आंघोळ, झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, हळदकुंकू. आमच्या कॉलेजातही सगळ्या लॅब धुवून निघत. लेथला कुंकू, ड्रिलला कुंकू, संगणकालासुद्धा कुंकू. फक्त लेसर यंत्रापाशी सरांचा नियम होता. बाहेरच्या पेटीवर फुलं ठेवा, पण कुंकू नाही, अंगारा नाही, उदबत्ती नाही. लॅब सांभाळणारे अण्णा दरवर्षी कुरकुरत. सगळ्यात महाग यंत्र आणि त्याचंच कपाळ रिकामं, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणत, "अण्णा, याचं कपाळ डोळ्यातच आहे."

डोळा म्हणजे लेन्स. किरण एका जागी गोळा करणारी, रुपयाएवढी काच, हळदीच्या पाण्यासारखी पिवळी. एका छोट्या खणात ती बसवलेली असते. ती पुसायला सरांनी मला शिकवलं होतं. श्वाससुद्धा बाजूला सोडायचा. त्या खणाची किल्ली सरांकडे असे, दुसरी माझ्याकडे. लॅबची किल्ली अण्णांकडे.

अप्पा दरवर्षी प्रेसच्या डायला, म्हणजे ज्यावर पत्रा वाकतो त्या साच्याला, कुंकू लावतात, बाहेरच्या पत्र्याला नाही. जो भाग राबतो मान त्याचा, हे मी लहानपणापासून ऐकलंय. त्या दिवशी सगळे प्रसादाला खाली गेले. मी वर राहिले. अण्णांचं तबक टेबलावर होतं. पेटीवर चार झेंडू ठेवून पूजा झाली असं मला वाटेना. या वर्षी तर नाहीच. सरांचं सगळं त्या तीन दिवसांवर होतं.

मी खण उघडला. काचेला लावलं नाही, तेवढं मला कळत होतं. काचेभोवतीच्या कड्यावर लावलं, वरच्या अंगाला, मोहरीएवढं, ओल्या बोटानं. हात जोडले. सरांचे सत्तावीस तुकडे नीट होऊ देत, एवढंच म्हटलं आणि खण बंद केला.

ओलं कुंकू चार दिवसांत वाळतं. वाळलं की यंत्राच्या हादऱ्यानं झडतं. खाली काच असते. काचेवर पडलेला कण किरणाची उष्णता पितो. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं, आणि मला त्यात चांगले मार्क होते.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सर पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. सकाळी लेन्स बघून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सुट्टीआधीच पुसून ठेवली आहे. ते खरंही होतं, पूजेच्या आदल्या दिवशी पुसली होती. ते म्हणाले, सरी.

नऊ तुकडे कापले गेले. प्रत्येकावर सरांनी नख फिरवलं, प्रत्येकावर स्वतःच्या अक्षरात आकडा घातला. सातवा हातात धरून ते हसले, मला दाखवला आणि म्हणाले, "अगं, नख हो म्हणतं." दहाव्याला किरण सुरू झाला आणि बारीकसा आवाज आला, गरम चिमणीवर पाण्याचा थेंब पडावा तसा. मग कुजलेल्या मुळ्यासारखा वास. हा वास आला तर विचारत बसू नका, पळा, असं सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगत, कारण ती काच जळली की तिचा धूर विषारी असतो. त्यांनी लाल बटण दाबलं, मला आणि अण्णांना बाहेर ढकललं, खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांत शेवटी बाहेर आले.

दुपारी तोंडाला मास्क, हातात मोजे चढवून त्यांनी खण उघडला. लेन्सचे तुकडे झाले होते. कड्यावर एक तांबडट काळा डाग होता. तो ते बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. त्यावरून मला कळलं की त्यांना कळलं आहे.

दुसऱ्या दिवशी एचओडींनी तिघांना केबिनमध्ये बोलावलं. सर, अण्णा आणि यंत्राची नोंदवही माझ्याकडे असल्यामुळे मी. ते कन्नडमध्ये बोलत होते, शांतपणे. यंत्राचं काम केवढ्याला पडणार, आतला मार्ग कंपनीच्या माणसांकडून साफ करून घेतल्याशिवाय लॅब उघडता येणार नाही, वगैरे. मग त्यांनी विचारलं, आत कड्यावर कुंकू सापडलंय, खण कुणी उघडला होता?

एचओडींनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी एचओडी अण्णांकडे वळले आणि म्हणाले, पूजेचं तबक तुमच्या हातात होतं ना. अण्णा कंत्राटी कामगार. एका फोनवर जाणारी नोकरी. त्यांनी नुसते हात जोडले.

तेव्हा सर म्हणाले, "मी उघडला होता. चूक माझी."

एचओडी हसले. दरवर्षी नियम सांगणारे तुम्ही, आणि तुम्हीच, असं काहीतरी म्हणाले. सर 'हो' म्हणाले. एचओडींनी ते लिहून घेतलं आणि सरांनी खाली सही केली.

मी का बोलले नाही याची कारणं मला भरपूर देता येतील. त्याच आठवड्यात नोकरीच्या मुलाखती होत्या. अप्पांना कॉलेजात बोलावतील ही भीती होती. सरांनी सांगून टाकल्यावर मी बोलले असते तर ते खोटे ठरले असते, असंही मी नंतर स्वतःला समजावलं. पण ते नंतरचं. त्या केबिनमध्ये माझ्या मनात यातलं काही नव्हतं. नुसतं तोंड उघडलं नाही.

त्या आठवड्यात वर्गात मी हजेरीच्या वेळी उभी राहिले तर सर म्हणाले, "यू मे सिट." लॅबच्या नोंदी द्यायला गेले तर म्हणाले, "प्लीज कीप इट ऑन द टेबल." आवाजात राग नव्हता. सगळ्या मुलांशी ज्या आवाजात बोलत त्याच आवाजात बोलले. सेमिस्टर संपेपर्यंत त्यांच्याकडून मराठीचा एक शब्द माझ्या वाट्याला आला नाही.

लॅबला कुलूप होतं. सरांनी मुदत वाढवून मागितली, मिळाली नाही. शहरातल्या दोन संस्थांकडे यंत्रासाठी अर्ज केले, एकीनं फेब्रुवारीची तारीख दिली. मग ते नऊ तुकडे घेऊन विद्यापीठात गेले. नऊ तुकड्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही, असं तिथं सांगितलं. ते बरोबरच आहे. सरांनीही विद्यार्थ्याला हेच सांगितलं असतं.

डिसेंबरच्या शेवटी स्टाफरूममध्ये दहा मिनिटांचा निरोप झाला. समोसा, चहा आणि विभागातर्फे भेट. भेट म्हणजे कपाटात शिल्लक राहिलेल्या कीचेनमधली एक, मखमली डबीत. सरांनीच कधीतरी कापलेली. मी दाराशी उभी होते. त्यांनी डबी उघडली, सवयीनं नख फिरवलं, आणि 'थँक यू' म्हणून खिशात टाकली.

मला नोकरी लागली. होसूर रोडच्या एका कंपनीत, जूनपासून. मुलाखतीत लेसरवरच प्रश्न आले.

फेब्रुवारीत मी एचओडींकडे गेले. तीन रात्री झोप नव्हती, कागदावर सगळं लिहून नेलं होतं. मी सांगत असताना त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले की मी उगीच मनाला लावून घेते आहे. सरांना पुढे ठेवायचं नाही हे आदल्या उन्हाळ्यातच ठरलं होतं. लेसरचा विषय बंद होतोय, त्या लॅबमध्ये रोबोटिक्स येणार आहे. मी विचारलं, मग ती डिसेंबरची मुदत? ते म्हणाले, "पत्रात काहीतरी तारीख लिहावी लागते."

माझा कागद त्यांनी घडी करून मला परत दिला. हे असं लेखी ठेवू नकोस, तुझ्याच रेकॉर्डला लागेल, असंही काळजीनं सांगितलं.

म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस तुकडे झाले असते तरी काही फरक पडणार नव्हता. बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन मी भिंतीला टेकले. मला रडू यायला हवं होतं. खरं सांगते, मला हलकं वाटलं.

सर पुन्हा पीण्यात काम करतात हे अण्णांकडून कळलं होतं. पुढच्या शनिवारी मी गेले. फाटकावरच्या वहीत नाव, वेळ आणि कुणाला भेटायचं ते लिहिलं. सर बाहेर आले. अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, कानात आवाज अडवणारे बोळे. ते त्यांनी काढले आणि थांबले.

पाठ करून आले होते तसं मी सांगितलं. कुंकू मी लावलं होतं. त्या दिवशी बोलले नाही. माफ करा. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी थांबले नाही, लगेच पुढे म्हटलं, पण सर, ते आधीच ठरलेलं होतं, एचओडी स्वतः म्हणाले, प्रयोग झाले असते तरी त्यांनी तुम्हाला ठेवलं नसतं. बोलताना माझा आवाज मलाच ऐकू आला. सुटल्यासारखा होता.

सरांनी विचारलं, "हे सांगायला आलीस?"

मराठीत. चार महिन्यांनी.

ते म्हणाले, "कुंकू कुणाचं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. लेन्स फुटते गं, दुसरी येते. त्याचं काही नाही." मग हातातले बोळे चोळत, "केबिनमध्ये मी वाट बघत होतो. अण्णांचं नाव निघेपर्यंत बघितली."

आतून कुणीतरी 'मेस्त्री', म्हणजे मिस्त्री, अशी हाक मारली. मला वाटलं दुसऱ्या कुणाला. सरांनी 'बंदे' म्हणून उत्तर दिलं, आलो. बोळे कानात घातले, परीक्षेचा अभ्यास नीट कर, असं म्हणाले आणि आत गेले. यंत्राचा आवाज दारापर्यंत येत होता. मी दोन पावलं पुढे होऊन आत डोकावले. तीनचार निळे शर्ट पत्र्यावर वाकले होते, पाठमोरे. त्यांतले सर कुठले ते ओळखू येईना.

फाटकावरच्या वॉचमननं वही पुढे केली आणि विचारलं, आय्ता? म्हणजे काम झालं का. मी मान हलवली आणि बाहेर पडल्याची वेळ लिहिली. आत आल्याच्या वेळेपासून सहा मिनिटं झाली होती.